उंच इमारतींचे नियम : आपल्या आरोग्याचा प्रश्न, मग आपल्याला विचारणार कोण?

आरोग्याच्या पानावर इमारतींच्या उंचीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मधुमेह, रक्तदाब, ॲनिमिया, मुलांचे लसीकरण हे या पानाचे नेहमीचे विषय. पण घरात ऊन येते की नाही, वारा खेळतो की नाही, आजी दवाखान्यात जायला खाली उतरू शकते की नाही आणि आग लागली तर माणूस जिवंत बाहेर पडतो की नाही, या गोष्टी डॉक्टरच्या हातात नसतात. त्या नगररचनेच्या नियमांत ठरतात. दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडायचे, जिना किती रुंद ठेवायचा, लिफ्ट केव्हापासून सक्तीची करायची, हे आकडे कोणीतरी कागदावर लिहितो आणि पुढची पन्नास वर्षे माणसे त्या आकड्यांत राहतात.

जालन्याच्या दृष्टीने हा विषय आजचा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या वर होती. २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. समृद्धी महामार्ग जवळून गेला, ड्रायपोर्टचा प्रकल्प आला, जमिनीचे भाव चढले. जालना अजून मुख्यत्वे बैठ्या आणि दोन-तीन मजली घरांचे शहर आहे, पण असेच राहणार नाही. ज्या गावच्या सळईवर राज्यभर मजल्यावर मजले चढले, त्या गावातही मजले चढणारच. तेव्हा या इमारती कशा असाव्यात, हे ठरवताना आपल्याला विचारले जावे, असे माझे म्हणणे आहे. तेही इमारत उभी राहिल्यावर नको. नियम लिहिला जात असतानाच विचारले जावे.

परळच्या चाळीपासून

घर आणि आजार यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. याच ट्रस्टच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या चाळीचा जन्म आरोग्याच्या प्रश्नातून झाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

या ट्रस्टने प्रकाश आणि हवेसाठी एक नियम धरला होता. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. हिशेब सोपा आहे. खिडकीसमोर जी इमारत असेल, तिच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळे. तेवढे असेल तर खालच्या खोलीतही आकाश दिसते आणि उजेड पोहोचतो. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारचे अधिकारीसुद्धा हा हिशेब मांडत होते. अर्थात त्यांनीही तिथे राहणाऱ्या गिरणी कामगाराला काही विचारले नव्हते. पण उजेड मोजायचा असतो, एवढे तरी त्यांनी मान्य केले होते.

मानखुर्द-गोवंडीचा धडा

आता शंभर वर्षे पुढे या. मुंबईत रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या कुटुंबांना मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींत घरे मिळाली. लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड ही त्यांतली दोन नावे. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या या माणसांचे आरोग्य सुधारायला हवे होते. पण तिथे क्षयरोगाचे रुग्ण इतके वाढले की त्याचा अभ्यास करावा लागला. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना बरोबर घेऊन तीन वसाहतींची पाहणी केली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष पुढे आले. वरच्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तिसऱ्या, मोकळ्या बांधणीच्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त होते. खालच्या मजल्यांवर ते अधिक आढळले. कारण उघड होते. दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय खोलीत दिसत नाही आणि कोंडलेली हवा बाहेर जात नाही.

आठ मजल्यांची इमारत साधारण चोवीस मीटर उंच असते. त्या जुन्या ट्रस्टच्या हिशेबाने समोर बारा मीटर मोकळी जागा हवी. इथे मिळाली तीन मीटर.

हे तीन मीटर कोणी चोरून बांधलेले नव्हते. गरिबांच्या पुनर्वसनासाठी म्हणून मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत दिली गेली आणि त्या सवलतीनुसारच या इमारती उभ्या राहिल्या. बेकायदा बांधकामावर तक्रार तरी करता येते. इथे सारे काही कायद्याप्रमाणे होते आणि तरीही माणसे आजारी पडली. क्षयरोगाचे जंतू हवेतून पसरतात. सूर्यप्रकाश आणि वाहती हवा हा त्यावरचा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे. सरकार एका हाताने क्षयरोगाच्या गोळ्या फुकट देते आणि दुसऱ्या हाताने क्षयरोगाला खोली बांधून देते, असा हा प्रकार झाला. नियम सैल करण्यापूर्वी त्या घरांत राहणाऱ्या बायांना कोणी नकाशा दाखवून विचारले असते, तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला असता की, या खोलीत ऊन कुठून येणार?

उंची शरीराला कशी लागते

उंच इमारत वाईटच, असे माझे म्हणणे नाही. जागा कमी, माणसे जास्त, मग वर जावे लागते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यासाठी हा मोठा दिवस होता. आपल्यापैकी अनेकांची नाती त्या चाळींत आहेत. तो आनंद खोटा नाही. पण चाळीस मजल्यांच्या इमारतीत चावीबरोबर काही प्रश्नही येतात आणि ते आरोग्याचे असतात.

पहिला प्रश्न लिफ्टचा. लिफ्ट बंद पडली की सहाव्या मजल्यावरची गुडघेदुखीची आजी घरातच अडकते. डायलिसिसला जाणारा रुग्ण, दिवस भरलेली बाई, दम्याचा माणूस यांचे हाल तर विचारूच नका. म्हणून लिफ्ट किती, त्यांतली एखादी तरी स्ट्रेचर मावेल एवढी आहे का, वीज गेली तर ती चालते का आणि दहा वर्षांनी तिच्या दुरुस्तीचे पैसे कोण देणार, हे प्रश्न नियम करतानाच सोडवायचे असतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. जालन्यात हे वेगळे सांगायला नको. घाणेवाडीचे पाणी आणि जायकवाडीची योजना असूनही काही भागांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. अशा गावात पाणी दहाव्या मजल्यावर चढवायचे म्हणजे पंप, वीज आणि टाक्या आल्या. साठवलेले पाणी झाकलेले नसेल तर डासांची पैदास आणि डेंग्यू आला. टँकर आला नाही तर हंडा घेऊन जिना कोण चढणार, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा.

तिसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. सिमेंटच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर उष्णता सोडतात. इमारती एकमेकींना चिकटल्या तर ती उष्णता अडकून राहते. वरचा मजला तापतो, खालच्या मजल्यावर वारा नाही. म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे यांना उष्माघाताचा धोका सर्वांत जास्त असतो.

चौथा प्रश्न आगीचा. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी या एसआरए इमारतीत आग लागली. वाहनतळात साठवलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला, धूर जिन्यातून वर चढला आणि झोपलेली माणसे दगावली. ही काही पन्नास मजल्यांची इमारत नव्हती. म्हणजे किती उंचीपासून इमारतीला उंच म्हणायचे, हाही जीवनमरणाचा प्रश्न आहे. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटरपासूनच्या इमारतीला उंच इमारत मानते. आपल्या राज्याच्या २०२० च्या नियमावलीत २४ मीटरपेक्षा उंच इमारतीला 'विशेष इमारत' म्हणून जादा अटी लागतात. पंधरा आणि चोवीस यांत साधारण तीन मजल्यांचा फरक आहे. त्या तीन मजल्यांवर कोण राहणार, हे मनात आणून पाहा.

आणि टाकीत कोण उतरणार?

उंच इमारतींच्या चर्चेत एक माणूस कुणालाच दिसत नाही. तो मैल्याच्या टाकीत उतरणारा माणूस. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई तीस लाख केली. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसे मरतात, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

शंभर घरांची इमारत म्हणजे शंभर घरांचा मैला. टाकी कुठे असावी, यंत्राचा पाइप तिथवर पोहोचतो का, गाडी आत येते का, हे नकाशावरच ठरते. टाकी अशी बांधली की माणूस आत उतरल्याशिवाय ती साफच होत नाही, तर त्या नकाशावर मंजुरीचा शिक्का पडतो त्याच दिवशी पुढच्या एका मृत्यूची तयारी होते. नियमावली लिहिताना सफाई कामगारांच्या संघटनेला बोलावले असते, तर त्यांनी हे पाच मिनिटांत सांगितले असते.

विचारले कोणाला?

कायद्यात लोकांना विचारण्याची सोय नाही, असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. मंजूर आराखड्यात किंवा नियमांत फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली पुन्हा नोटीस आणि एका महिन्यात हरकती. मुंबई आणि काही भाग वगळून साऱ्या राज्याला, म्हणजे जालन्यालाही लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्याही मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. आपल्या वस्तीतल्या किती जणांना ते कळले? कळले असते तरी ती जाडजूड, आकड्यांनी भरलेली पुस्तिका कोणी वाचून समजावली असती?

म्हणजे दार आहे, पण ते कुठल्या बोळात आहे हे कोणी सांगत नाही. राजपत्रात एक नोटीस, वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरांतली एक जाहिरात आणि तीस दिवस. मजुरीवर जाणारा माणूस ती जाहिरात पाहणार केव्हा आणि हरकत लिहिणार केव्हा? बिल्डरकडे आर्किटेक्ट असतो, वकील असतो. त्यांच्या सूचना वेळेत आणि कलमांसह पोहोचतात. आपली सूचना पोहोचतच नाही, आणि मग अहवालात लिहिले जाते की लोकांची हरकत नव्हती.

'हे तांत्रिक काम आहे, लोकांना काय कळते?' असे म्हणणारे भेटतात. तुळई किती जाड हवी हे इंजिनिअरनेच सांगावे, यात वाद नाही. पण राहणाऱ्याला जे कळते ते इंजिनिअरला कळतेच असे नाही. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा म्हणून आला. त्यात काही ठिकाणी आठपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक सुचवला होता, म्हणजे प्रचंड उंच बांधकामाला मोकळे रान. अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून रस्ते दाखवण्यासारख्या चुकाही होत्या. लोकांनी साठ हजारांहून जास्त हरकती नोंदवल्या. 'हमारा शहर मुंबई अभियान' सारख्या प्रयत्नांतून वस्त्यांमधल्या बायांनीही नकाशे वाचायला शिकून आपल्या सूचना मांडल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द करून नव्याने करायला लावला. सगळे प्रश्न सुटले असे नाही, पण तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेल्या चुका सामान्य माणसांनी दाखवल्या, हे नाकारता येणार नाही.

लंडनचे उदाहरण तर याहून कडू आहे. १४ जून २०१७ च्या रात्री तिथला ग्रेनफेल टॉवर हा चोवीस मजली टॉवर पेटला आणि ७२ माणसे गेली. तिथे बहुतेक सार्वजनिक घरे होती, कष्टकरी आणि स्थलांतरित कुटुंबे राहत होती. इमारतीतल्या सुरक्षेबद्दल रहिवाशांच्या गटाने आधीच लेखी इशारे दिले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. २०२२ मध्ये तिथे नवा कायदा झाला. १८ मीटर किंवा सात मजल्यांपासूनच्या निवासी इमारतींत, सुरक्षेच्या निर्णयांत रहिवाशांना कसे सामील करून घेणार याची लेखी योजना आता जबाबदार व्यक्तीला करावी लागते. ७२ जीव गेल्यावर शिकलेला हा धडा आपण फुकटात शिकू शकतो.

एक सावधगिरी मात्र हवी. 'लोकसहभाग' म्हणजे ज्यांच्याकडे वेळ, इंग्रजी आणि ओळखी आहेत त्यांचाच सहभाग, असेही होते. चांगल्या वसाहतींतले लोक शेजारी गरिबांची घरे नकोत म्हणून हरकती घेतात, आणि त्यालाही लोकमत म्हणतात. म्हणून नुसती नोटीस काढून भागणार नाही. जे त्या इमारतीत राहणार, जे ती बांधणार आणि जे ती साफ करणार, त्यांच्यापर्यंत जाऊन विचारले पाहिजे. भाडेकरू, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, सफाई कामगार आणि अपंग व्यक्ती यांचे म्हणणे नोंदवल्याशिवाय सुनावणी पूर्ण झाली असे मानू नये.

जालन्यात काय करता येईल

महानगरपालिकेकडे आपल्या मागण्या साध्या असाव्यात. विकास आराखडा असो की नियमातला फेरबदल, त्याचा सोप्या मराठीतला सारांश चित्रांसह प्रत्येक प्रभागात लावावा. स्थानिक संस्थांचा कारभार मराठीत व्हावा यासाठी राज्याने २०२२ मध्ये कायदाच केला आहे. सुनावणी फक्त कार्यालयात आणि कामाच्या वेळेत न घेता वस्तीत, सुट्टीच्या दिवशीही घ्यावी. महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, ती कागदावरून उतरवावी. नियोजनाच्या कामात सार्वजनिक आरोग्य जाणणारा डॉक्टर आणि सफाई कामगारांचा प्रतिनिधी असावा. आलेल्या प्रत्येक हरकतीचे काय केले, का मानली किंवा का नाकारली, हे जाहीर करावे. आणि गरिबांच्या घरांसाठी इतर सवलती जरूर द्याव्यात, पण ऊन, हवा आणि आगीपासून सुटकेची वाट यांत सवलत देऊ नये. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे.

आपल्या बाजूने काय करायचे? नोटीस निघाली की ती विहाराच्या फलकावर लावायची. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून ती मोठ्याने वाचायची. वस्तीत सिव्हिल इंजिनिअरिंगची मुले-मुली आता कमी नाहीत, त्यांना नकाशा समजावून सांगायला बसवायचे. महिला मंडळाने हरकती लिहून घ्यायच्या. हरकत मराठीत, साध्या कागदावर चालते. तीत नाव, पत्ता, कोणत्या नियमाला हरकत आहे, का आहे आणि बदल काय हवा, हे लिहायचे. "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी" हे वाक्य विसरायचे नाही. नोटिशीत ज्या अधिकाऱ्याचा उल्लेख असेल त्याच्याकडे मुदतीत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा शंभर जणांनी आपापला अनुभव लिहिलेला बरा.

जे आजच बहुमजली इमारतीत राहतात त्यांनीही एक काम करावे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. आपल्या इमारतीचे दिले आहे का, हे सोसायटीला विचारा. उत्तर मिळाले नाही तर महानगरपालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा.

उद्याच्या जालन्यात इमारती उंच होतील. आपल्यातले काही त्यांत राहायला जातील, काही त्यांच्या विटा वाहतील, काही त्यांच्या सावलीत राहतील. तिन्ही ठिकाणी फुप्फुसे आपलीच असणार. महानगरपालिका नवी आहे, तिच्या सवयी अजून पडायच्या आहेत. लोकांना विचारूनच नियम करायची सवय तिला आताच लावली पाहिजे, आणि ती आपण विचारत राहिल्याशिवाय लागणार नाही. पुढची नोटीस निघेल तेव्हा तीस दिवसांतला पहिला दिवस वाया जाऊ देऊ नका.